जरितेचा प्रश्न

महाभारताच्या आदिपर्वात खांडववन जळाल्याची कथा आहे. कृष्णार्जुनांच्या पराक्रमाची कथा म्हणून ती आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण तिच्या पोटात एका पक्षिणीची गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. जरिता ही शार्ङ्गक जातीची पक्षीण. घरट्यात पंख न फुटलेली चार पिले. नवरा मंदपाल दुसरीकडे गुंतलेला. चहूकडून आग येते आहे आणि ही आई विचारात पडली आहे, की चौघांतले कुणाला उचलू आणि कुणाला टाकू? जवळ उंदराचे बीळ आहे. त्यात शिरा, वरून मी माती लोटते, असे ती सुचवते. पिले म्हणतात, बिळात उंदीर खाईल, त्यापेक्षा आग बरी. तू मात्र उडून जा. मायलेकरांचा हा वादविवाद व्यासांनी बराच लांबवला आहे. आग मात्र जवळ जवळ येतच राहते.

वणव्यांचा इतिहास चाळू लागले म्हणजे जरितेचा हा प्रश्न पानोपानी भेटतो. निघावे की थांबावे? काय घ्यावे, काय सोडावे? कोणत्या वाटेने जावे? आणि सारे जळून गेल्यावर कोण धावून येईल? गेल्या दीडशे वर्षांत अमेरिकेने आणि ऑस्ट्रेलियाने या प्रश्नांची उत्तरे फार मोठी किंमत देऊन मिळवली. ती किंमत आपण दिली नाही. म्हणून तर ती उत्तरे आपण निदान वाचून ठेवावीत.

आपल्याकडे वणवा म्हटला की डोळ्यांपुढे येते ती फाल्गुन-चैत्रातली रात्र आणि सह्याद्रीच्या अंगावर वळत जाणारी तांबडी रेघ. तो बहुधा गवताचा वणवा असतो. जंगलखात्याची माणसे जाळरेषा काढून त्याला अडवतात, गावकरी हिरव्या फांद्यांनी झोडपून तो विझवतात. पाइन वृक्षांच्या आणि निलगिरीच्या देशांतला वणवा निराळा. तो जमिनीवरून झाडावर चढतो आणि शेंड्यांवरून पळत सुटतो. उतारावर आग वरच्या दिशेने अधिक वेगाने जाते, कारण ज्वाळा पुढचे रान आधीच तापवून ठेवतात. आणि वारा असला म्हणजे जळती साल व निखारे आगीच्या पुढे मैलामैलावर जाऊन पडतात. तेव्हा माणूस समोरच्या ज्वाळेकडे पाहत असतो आणि त्याचे घर मागच्या पन्हळीतल्या वाळल्या पाल्यावर पडलेल्या निखाऱ्याने पेटलेले असते.

८ ऑक्टोबर १८७१, वार रविवार. अमेरिकेच्या इतिहासात ही रात्र प्रसिद्ध आहे ती शिकागोच्या आगीमुळे. त्या आगीत सुमारे ३०० माणसे गेली आणि लाखभर लोक उघड्यावर पडले. पण त्याच रात्री, शिकागोच्या उत्तरेस सुमारे ४०० किलोमीटरवर, विस्कॉन्सिन राज्यातल्या पेश्टिगो या गावात आणि भोवतालच्या वस्त्यांत निदान १,२०० माणसे वणव्याने मारली. काही अंदाज अडीच हजारांपर्यंत जातात. गावाची दप्तरे जळाली, आणि कित्येक घरांत मेलेल्यांची ओळख सांगायलाही कुणी उरले नाही. साडेतीनशेहून अधिक मृतदेह एकाच खड्ड्यात पुरावे लागले. जळालेले रान बारा लाख एकरांच्या घरात होते.

पेश्टिगो हे लाकडावर जगणारे गाव. शिकागोचे पहिले महापौर विल्यम ऑग्डेन यांच्या कंपनीचा बादल्या, टब, झाडूंचे दांडे करणारा मोठा कारखाना तिथे होता. घरे लाकडाची, पायरस्ते फळ्यांचे आणि वाटांवर पसरलेला करवतीचा भुसा. त्या उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडला नव्हता. शेतकरी जमीन मोकळी करण्यासाठी झाडोरा जाळत होते, रेल्वेचे मजूर नवा मार्ग काढण्यासाठी जाळत होते. सप्टेंबरात आग गावाच्या शिवेशी येऊन गेली होती. लोकांनी ती थोपवली आणि धुरात दिवस काढू लागले. धूर रोजचाच झाला म्हणजे त्याची भीती मरते. पेश्टिगोचे दुर्दैव तिथे सुरू झाले.

गावात पीटर पर्निन नावाचे फ्रेंच पाद्री होते. त्यांनी पुढे आपली हकीकत लिहून १८७४ साली प्रसिद्ध केली, म्हणून त्या रात्रीचे आपल्याला इतके कळते. संध्याकाळपासूनच त्यांचे मन अस्वस्थ होते. शेजारपाजारचे लोक नेहमीच्या गप्पागोष्टींत होते. हे मात्र बागेतल्या वाळूत चर खणू लागले. पेट्या, पुस्तके, देवळातली उपकरणी त्यांनी त्यात पुरली आणि वर माती लोटली. तोवर पश्चिमेकडून घोंघावत येणारा आवाज वाढत चालला होता. शेवटी प्रार्थनामंदिरातली पवित्र पेटी तेवढी राहिली. घाईत तिची किल्ली हातातून निसटून पडली. ती शोधायला वेळ कुठला! पर्निन यांनी सबंध पेटीच गाडीवर ठेवली आणि ते नदीकडे निघाले.

नदीवर एक पूल होता. त्या पुलावर पर्निन यांनी जे पाहिले ते कुणीही विसरू नये असे आहे. या तीरावरचे लोक त्या तीरावर धावत होते, त्या तीरावरचे या तीरावर. ज्याला त्याला वाटत होते की सुरक्षितता पलीकडे आहे. माणसे, जनावरे, गाड्या मधोमध एकमेकांना भिडल्या. तसेच कसेबसे पर्निन काठाशी पोचले, तर तिथे माणसे खांबासारखी उभी; डोळे आभाळाकडे, पाण्यात उतरायचे भान नाही. त्यांनी शेजारच्यांना ढकलून पाण्यात लोटले. त्यांतला एक जण दचकून परत वर आला आणि पुटपुटला, की मी भिजलो! मरण पाठीशी उभे असताना माणसाला कपडे भिजल्याचे वाटावे! पण यात हसण्यासारखे काही नाही. ज्या गोष्टीचा मनाने आधी कधी विचार केलेला नसतो, ती गोष्ट शरीर आयत्या वेळी करत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पर्निन आणि इतर कित्येक जण साडेपाच तास त्या पाण्यात उभे राहिले. डोकी पाण्याबाहेर, म्हणून एकसारखे तोंडावर पाणी मारायचे, गोधड्या भिजवून डोक्यावर धरायच्या. उजाडले तेव्हा गाव नव्हते.

आता मदतीची कथा. पेश्टिगोकडच्या तारायंत्राच्या तारा आधीच जळाल्या होत्या. बातमी ग्रीन बे शहरापर्यंत पोचून तिथून राजधानी मॅडिसनला तार जाईपर्यंत १० ऑक्टोबर उजाडला. गव्हर्नर लुशस फेअरचाइल्ड आणि त्यांचे बडे अधिकारी तेव्हा कुठे होते? शिकागोला, तिथल्या आगग्रस्तांच्या मदतीला गेलेले! तार गव्हर्नरांच्या पत्नीच्या हाती पडली. फ्रान्सिस फेअरचाइल्ड यांचे वय त्या वेळी अवघे चोवीस. अधिकाराचे कसलेही पद त्यांच्याकडे नव्हते. स्टेशनात शिकागोसाठी सामान भरलेला मालडबा उभा होता. तो ग्रीन बेकडे वळवा, असा हुकूम त्यांनी सोडला. डब्यात अन्न-कपडे आहेत पण कांबळी नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. ऑक्टोबरातली विस्कॉन्सिनची थंडी त्यांना माहीत होती. त्यांनी गावातल्या बायकांना निरोप धाडले आणि गाडी सुटण्यापूर्वी घरोघरच्या अंथरुणांवरली कांबळी डब्यात येऊन पडली. एवढ्यावर न थांबता त्या दुसरा डबा भरण्याच्या उद्योगाला लागल्या. विस्कॉन्सिनमध्ये ही कथा आजही सांगतात, आणि सांगावी अशीच ती आहे.

शिकागोच्या मदतीचा ओघ पाहिला म्हणजे हा एक डबा किती मोलाचा होता ते समजते. शिकागोकडे जगभरातून पैसा गेला, धान्य गेले. इंग्लंडातून तर हजारो पुस्तके गेली. त्यांत राणी व्हिक्टोरिया आणि कवी टेनिसन यांनी दिलेली पुस्तकेही होती, आणि त्या देणगीतून शिकागोचे सार्वजनिक ग्रंथालय उभे राहिले. त्या दातृत्वाला कोण नावे ठेवील? परंतु चौपट माणसे जिथे मेली त्या गावाचे नाव बाहेर ठाऊकच नव्हते. मदत दुःखाच्या मापाने जात नाही, बातमीच्या वाटेने जाते. हा नियम तेव्हा खरा होता आणि आजही तो पुष्कळसा खरा आहे.

दहा वर्षांनी, सप्टेंबर १८८१ मध्ये, मिशिगन राज्यात तसाच वणवा पेटला. २८२ माणसे दगावली, हजारो बेघर झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात क्लारा बार्टन या विदुषीने अमेरिकन रेडक्रॉसची स्थापना केली होती. ऑगस्टात डॅन्सव्हिल या लहानशा गावी संस्थेची पहिली स्थानिक शाखा निघाली होती. रणांगणावरच्या जखमींसाठी युरोपात जन्मलेल्या संस्थेला शांततेच्या काळात काय काम, असे विचारणारे पुष्कळ होते. उत्तर मिशिगनच्या राखेत मिळाले. अमेरिकन रेडक्रॉसचे पहिले आपत्तिनिवारणाचे कार्य ते हेच. १८७१ साली जे काम एका तरुण स्त्रीच्या समयसूचकतेवर अवलंबून होते, ते आता आधीच उभ्या असलेल्या शाखेने केले. समयसूचकता मोठीच, पण ती प्रत्येक स्टेशनात हजर असेलच असे नाही.

मदतीची व्यवस्था अशी रुजू लागली. पळून जाण्याची व्यवस्था रुजायला मात्र आणखी वेळ लागला. १ सप्टेंबर १८९४ रोजी मिनेसोटातल्या हिंक्ली गावावर आग आली, तेव्हा माणसे वाचली ती आगगाड्यांमुळे. एका गाडीने स्टेशनात रंगाचे पोपडे सुटेपर्यंत वाट पाहिली, सुमारे ५०० जण भरून घेतले आणि जळू लागलेल्या पुलावरून ती निसटली. तिच्या मागे थोड्याच वेळात तो पूल कोसळला. दुसऱ्या गाडीचा चालक जेम्स रूट. समोरून पळत येणारी माणसे पाहून त्याने गाडी थांबवली, त्यांना वर घेतले आणि गाडी तशीच उलटी काही मैल पळवून एका दलदलीच्या तळ्याशी नेली. खिडक्यांच्या काचा तडकल्या, त्याचे हात भाजले. डब्यात जॉन ब्लेअर हा कृष्णवर्णी सेवक उतारूंना पाणी पाजत, त्यांच्या अंगावर पाणी शिंपडत, धीर देत फिरत होता. स्टेशनातला तारमास्तर टॉमी डन मात्र शेवटपर्यंत तारा पाठवीत राहिला आणि त्यात गेला. त्या दिवशी चारशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. तरी या वीरांनी शेकडो वाचवली.

पुढे १२ ऑक्टोबर १९१८ ला त्याच राज्यात क्लोके परिसरात मोठा वणवा भडकला. एकंदर ४५३ माणसे मेली. पण खुद्द क्लोके शहर सारे जळूनही तिथले मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. रेल्वेच्या लोकांनी धोका ओळखून गाड्या आधीच जमवून ठेवल्या होत्या आणि आग शहरात शिरत असताना हजारो माणसे डब्यांत बसून बाहेर पडत होती. हिंक्लीची कथा आपण आवडीने सांगतो. क्लोकेची कुणी सांगत नाही. तयारी चोख असली की सांगण्याजोगे नाट्य घडत नाही. पण घरधन्याने आणि गृहिणीने आदर्श ठेवावा तो क्लोकेचा.

ऑस्ट्रेलियाचा धडा अधिक कठीण आहे. १३ जानेवारी १९३९ च्या शुक्रवारी व्हिक्टोरिया राज्यात वणव्यांनी कळस गाठला. त्या हंगामात ७१ माणसे बळी पडली. कित्येक जण रानातल्या लाकूड-गिरण्यांवर राहणारे होते. न्यायमूर्ती लिओनार्ड स्ट्रेटन यांच्या चौकशी आयोगाने निर्भीडपणे सांगितले, की या आगी माणसाच्या हातच्या होत्या. त्यानंतर १९४५ मध्ये ग्रामीण भागासाठी एक अग्निशमन प्राधिकरण उभे राहिले. १९८३ सालच्या फेब्रुवारीत पुन्हा ७५ माणसे गेली. तेव्हा दिसून आले, की पुष्कळ जण शेवटच्या क्षणी निघाल्यामुळे रस्त्यात सापडले आणि कित्येक घरे आतल्या माणसांनी निखारे विझवल्यामुळे वाचली. यातून सल्ला ठरला, की घर नीट तयार करून थांबा व झुंजा, नाही तर लवकर निघा.

सल्ला चुकीचा नव्हता. पण त्याला एक फट होती. बहुतेक माणसे दोन्हींपैकी काहीच ठरवीत नाहीत. ती म्हणतात, ‘बघू या काय होते ते.’ ७ फेब्रुवारी २००९ च्या शनिवारी असह्य उष्मा आणि सोसाट्याचा वारा एकत्र आले आणि १७३ माणसे प्राणाला मुकली. त्यांतली ११३ घरांत सापडली. पुढच्या वर्षी चौकशी आयोगाचा अहवाल आला. धोक्याच्या श्रेणींत सर्वांत वरची एक नवी पायरी घालण्यात आली होती. त्या दिवशी घर कितीही पक्के असो, आग दिसण्यापूर्वीच, शक्य तर आदल्या रात्रीच निघून जावे, असा आता उपदेश आहे.

आणि एक आग आपल्या दिवाळीतली. २०१८ साली लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला होते, दुसऱ्या दिवशी पाडवा. इकडे संध्याकाळी आठच्या सुमारास घरोघर ओवाळणी चालली असेल. तेव्हा कॅलिफोर्नियात सकाळचे साडेसहा वाजत होते. जुनाट वीजवाहिनीची झिजलेली आकडी तुटली आणि कोरड्या गवतावर ठिणगी पडली. दीड-दोन तासांत आग पॅराडाइज गावात पोचली. २६,००० वस्तीचे गाव एका दिवसात नाहीसे झाले. ८५ माणसे मेली, अठरा हजारांवर इमारती जळाल्या. मृतांत बहुसंख्य वृद्ध होते. वीज कंपनीने २०२० मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. चटका लावणारी गोष्ट अशी, की या गावाची योजना होती. गावाचे भाग पाडून, कुणी आधी कुणी मागून निघायचे हे ठरवलेले होते. पण आग साऱ्या भागांवर एकदमच कोसळली, रस्ते मोजके होते, आणि इशारा सगळ्यांपर्यंत पोचला नाही. २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजलिसजवळच्या अल्टाडीना वस्तीत तेच झाले: पश्चिम भागाला निघण्याचा आदेश कित्येक तास उशिरा मिळाला आणि जवळजवळ सारे मृत्यू त्याच भागात झाले. तेव्हा सरकारी इशाऱ्याची वाट जरूर पाहावी, पण केवळ त्याच्याच भरवशावर बसू नये.

या सगळ्या इतिहासातून घरासाठी जे निघते ते थोडे आणि सोपे आहे. कोणत्या खुणेवर निघायचे हे शांत वेळी, सर्वांनी बसून ठरवावे. बाहेर पडण्याच्या दोन वाटा ठाऊक असाव्यात, आणि ताटातूट झाली तर भेटायचे ठिकाणही. परगावच्या एका नातेवाइकाला सगळ्यांनी निरोप द्यायचा, असे पक्के करावे. एक पिशवी भरलेली असावी: औषधे, चष्म्याचा जोड, कागदपत्रे व त्यांच्या नकला, थोडी रोकड, पाणी, विजेरी, जाड तळाचे बूट, सुती अंगभर कपडे. कृत्रिम धाग्याचे कपडे उष्णतेने वितळून अंगाला चिकटतात. मोटार असेल तर तिचे तोंड रस्त्याकडे करून ठेवावे. निघताना दारे-खिडक्या लावाव्यात, गॅस बंद करावा. पन्हळीतला पाला आणि भिंतीला टेकलेले सरपण हंगामापूर्वीच दूर करावे. आणि सर्वांत आधी हे ठरवावे, की आजोबांना हात कोण देणार, शेजारच्या एकट्या आजींचे दार कोण वाजवणार, गोठ्यातली जनावरे कोण सोडणार. पर्निन यांची किल्ली पडली ती घाईत. घाई टाळता येत नाही, पण घाईत करायची कामे कमी करता येतात.

मदत करणाऱ्यांसाठीही एक धडा आहे. २००९ च्या वणव्यांनंतर ऑस्ट्रेलियाभरातून इतके सामान आले, की त्याचे ४०,००० हून अधिक थप्पे झाले. ते ठेवायला गोदामे, निवडायला माणसे आणि त्या सगळ्याला पुन्हा पैसा लागला. आपल्या कपाटातले जुने कपडे निघाले की आपले मन हलके होते. आगग्रस्ताचे ओझे हलके होतेच असे नाही. मॅडिसनच्या बायकांनी कांबळी दिली, कारण कांबळीच हवी आहेत हे आधी कुणीतरी पाहिले होते. जे पाहता येत नाही तिथे विश्वासू संस्थेला पैसे द्यावेत. आणि ज्या गावाचे नाव वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर नाही, त्याची आठवण ठेवावी.

हे सारे परमुलखाचे, असे म्हणून सोडून देता येणार नाही. कॅलिफोर्नियात आणि ऑस्ट्रेलियात आज कित्येक मराठी घरांत दिवाळीचे दिवे लागतात. शिवाय २०१८ च्या मार्चमध्ये तामिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात पदभ्रमणाला गेलेली मंडळी वणव्यात सापडून वीसहून अधिक जण मेले. आपली तरुण मुलेही उन्हाळ्यात सह्याद्रीच्या वाळल्या गवतातून हिंडत असतात. आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, तेव्हा पुण्याच्या कितीतरी घरांत हाच प्रश्न उभा राहिला होता: काय घ्यावे, काय सोडावे? पाणी असो की आग, दारात उभी राहते तेव्हा जरितेचा प्रश्न एकच असतो.

जरितेच्या पिलांचे काय झाले ते सांगायचे राहिले. आई उडून गेली, अग्नी घरट्यापाशी आला आणि पिलांना स्पर्श न करता पुढे गेला. का? कथेत कारण दिले आहे. खांडववन जाळायला निघालेल्या अग्नीला मंदपालाने आधीच गाठून, माझ्या मुलांना सांभाळ, असा शब्द घेतला होता. वणवा पेटल्यावर जो प्रश्न आईला सुटेना, तो वणवा पेटण्यापूर्वी बापाने सोडवून ठेवला होता. आज अग्नी कुणाला शब्द देत नाही. मात्र फराळाला सगळे घर एकत्र बसते तेव्हा अर्धा तास काढून एकमेकांना शब्द देणे अजून आपल्या हाती आहे.